मालवण किनाऱ्यावरची जमीन आणि मोबाईलवरची रील: एजंटांनी ऑनलाईन मार्केटिंगमध्ये नेमकं काय शिकायचं?

‘सी व्ह्यू प्लॉट, तारकर्ली बीचपासून ५ मिनिटं, चिपी विमानतळ जवळ, टायटल क्लिअर, फक्त काही प्लॉट शिल्लक.’ मागे ड्रोनमधून दिसणारे माड आणि निळं पाणी, खाली व्हॉट्सॲप नंबर. सिंधुदुर्गातल्या जमिनीची अशी रील मोबाईलवर आली नाही असा मुंबईतला कोकणी माणूस शोधावाच लागेल.

रील बनवणारा मालवण, कुडाळ किंवा वेंगुर्ल्याचा एजंट असतो आणि बघणारा भांडुप, डोंबिवली किंवा नालासोपाऱ्यात. मध्ये पाचेकशे किलोमीटरचं अंतर. जागा न पाहता टोकन देण्यापर्यंत गोष्ट जाते, आणि नंतर कळतं की दाखवलेली जागा वेगळी होती, जमीन सामाईक होती किंवा तिथं घर बांधताच येत नाही. त्यामुळे ‘एजंटांसाठी ऑनलाईन मार्केटिंगचं प्रशिक्षण’ हा विषय लाईक आणि फॉलोअर्सपुरता उरलेला नाही. या किनाऱ्यावर तरी तो आधी कागदांचा आणि मग कॅमेऱ्याचा विषय आहे.

आधी परवाना, मग पोस्ट

रेरा म्हणजे स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम २०१६ चा. महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी करणारं महारेरा हे प्राधिकरण २०१७ पासून काम करतं. कायद्यातली ‘एजंट’ची व्याख्या मोठी आहे. दलाल, ब्रोकर, मध्यस्थ, प्रॉपर्टी डीलर असं काहीही नाव घ्या, दोन्ही बाजूंची गाठ घालून मोबदला घेणारा माणूस एजंटच. ‘जाहिरात’ही तशीच. कोणत्याही माध्यमातली प्रसिद्धी जाहिरातीत मोडते. म्हणजे स्टेटस, रील, ग्रुपवर टाकलेला ब्रोशर, सगळं आलं. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ हे उत्तर कमिशन घेणाऱ्या माणसाला फारसं उपयोगी पडत नाही.

नोंदणीकृत प्रकल्पातला प्लॉट किंवा फ्लॅट विकायला मदत करायची तर एजंटाकडे स्वतःची महारेरा नोंदणी लागते. ज्या प्रकल्पाला नोंदणी आवश्यक आहे पण ती झालेली नाही, त्याची विक्री एजंटाला करताच येत नाही. हे नियम मोडले तर दिवसाला १० हजार रुपये असा दंड वाढत जातो आणि तो त्या मालमत्तेच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत पोहोचू शकतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक आणि महारेराच्या संकेतस्थळाचा उल्लेख लागतो. १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक झाला, आणि तो नसेल तर प्रवर्तकाला ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. ओळखायची सोपी खूण अशी की एजंटाचा क्रमांक ‘ए’ या इंग्रजी अक्षरानं सुरू होतो, प्रकल्पाचा ‘पी’नं. काही रीलवर एजंटाचा ‘ए’ क्रमांक ठळक असतो आणि ‘रेरा मंजूर’ असं लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ एजंट नोंदणीकृत आहे, एवढाच. प्रकल्प नोंदलेला आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

मग प्रत्येक जमिनीला रेरा लागतो का? नाही. आजोबांची एखादी जागा किंवा जुनं चिऱ्याचं घर मालक थेट विकत असेल तर तो ‘प्रकल्प’ होत नाही. विकसित करायची जमीन ५०० चौरस मीटरहून जास्त नसेल किंवा सदनिका ८ पेक्षा जास्त नसतील, तर नोंदणीतून सूट आहे. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. पाच गुंठे झाले की आकडा ५०५ च्या पुढे जातो. म्हणजे गावातल्या एखाद्या मध्यम आकाराच्या परड्याचे तुकडे पाडून ‘एनए प्लॉट’ विकायला काढले, तरी नोंदणीचा प्रश्न आधी विचारावा लागतो.

वीस तासांचं प्रशिक्षण आणि त्यात नसलेली गोष्ट

महारेरानं १० जानेवारी २०२३ च्या आदेशानं एजंटांना प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली. मान्यताप्राप्त संस्थेत वीस तासांचं प्रशिक्षण घ्यायचं, मग ऑनलाईन परीक्षा देऊन सक्षमता प्रमाणपत्र मिळवायचं. पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये झाली. जुन्या एजंटांना मुदतवाढ देऊन १ जानेवारी २०२४ पर्यंतची वेळ दिली गेली. तरीही प्रमाणपत्र न घेतलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी नंतर स्थगित झाली.

या प्रशिक्षणाचा भर कायदा, करारनामे, चटई क्षेत्र, ग्राहकाशी वागणूक यांवर आहे. फेसबुकवर जाहिरात कशी लावायची हे त्याचं काम नाही. ते शिकवतात खासगी क्लास, दोन दिवसांच्या कार्यशाळा आणि यूट्यूब. त्यांची अडचण उलटी आहे. तिथले धडे पुण्या-मुंबईच्या टॉवरसाठी बेतलेले असतात: टू बीएचके, सॅम्पल फ्लॅट, ‘प्री-लाँच ऑफर’. मालवणातल्या एजंटासमोर मात्र सातबारा असतो, आणि सातबाऱ्यावर अकरा नावं.

सिंधुदुर्गची जमीन वेगळी का?

हा भाग जरा सविस्तर समजून घ्यायला हवा, कारण इथली जाहिरात चांगली की वाईट हे यावरच ठरतं.

पहिला मुद्दा शेतजमिनीचा. १९४८ च्या कूळकायद्याच्या कलम ६३ नुसार महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. माडाची बाग, काजूची, आंब्याच्या कलमांची जागा ही सगळी शेतजमीनच. मुंबईत नोकरी करणाऱ्याच्या नावावर कुठेही सातबारा नसेल तर त्याला ती रील कितीही आवडली तरी व्यवहार तिथंच अडतो. शिवाय तुकडेबंदी आहे. २०२३ च्या अधिसूचनेनुसार सिंधुदुर्गसह बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे हे किमान क्षेत्र ठरलं. शहरी हद्दीसाठी नंतर सवलती आल्या, पण गावातल्या शेतजमिनीचे ‘दोन-दोन गुंठे’ रीलवर विकायला काढणाऱ्यानं हा आकडा डोळ्यांसमोर ठेवलेला बरा.

दुसरा मुद्दा सामाईक मालकीचा. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या वाटण्या होत नाहीत. सातबाऱ्यावर काका, आत्या, चुलत भाऊ सगळे असतात. त्यातले निम्मे मुंबईत आणि काही हयात नसतात, पण त्यांच्या वारसांची नोंद झालेली नसते. एका हिस्सेदारानं आपला हिस्सा विकला तर घेणाऱ्याला हिस्सा मिळतो, रस्त्यालगतचा तो विशिष्ट तुकडा नाही. त्यासाठी वाटप व्हावं लागतं. त्यामुळे ‘टायटल क्लिअर’ हे दोन शब्द लिहिण्यापूर्वी सातबारा, ८अ, फेरफार आणि मोजणीचा नकाशा एजंटानं स्वतः वाचलेला असायला हवा. कुळाची जमीन, भोगवटादार वर्ग २, देवस्थानाची जमीन, खासगी वनाची नोंद, आणि सावंतवाडी तालुक्यात आंबोली, गेळे, चौकुळ परिसरातल्या कबुलायतदार गावकर जमिनी यांचे नियम आणखी निराळे.

तिसरा मुद्दा समुद्राचा. ‘बीच टच’ हा शब्द सगळ्यात जास्त क्लिक मिळवतो आणि सगळ्यात जास्त अडचणीही तोच आणतो. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्याचे दोन भाग केले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार दर चौरस किलोमीटरला २,१६१ पेक्षा जास्त लोकवस्ती असलेल्या दाट गावांत भरतीरेषेपासून ५० मीटर ना-विकास क्षेत्र, आणि विरळ गावांत २०० मीटर. सिंधुदुर्ग जिल्ह्याची सरासरी घनता याच जनगणनेत अवघी १६३ होती. म्हणजे बहुतेक किनारी गावांत एजंटानं २०० मीटर गृहीत धरून सुरुवात करावी आणि मग किनारा व्यवस्थापन आराखड्यात त्या सर्व्हे नंबरची नेमकी स्थिती पाहावी. खाडीच्या काठालाही हे क्षेत्र लागू आहे. देवबागसारख्या ठिकाणी, जिथं एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आहे, दोन्हीकडून मोजत यावं लागतं. शिवाय मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, आणि किनारा नियमनाच्या अधिसूचनेत मालवणचा उल्लेख अतिसंवेदनशील किनारी क्षेत्रांत येतो.

हे सगळं तीस सेकंदांच्या रीलमध्ये कसं सांगणार? सांगायचं नसतंच. पण रीलखालच्या मजकुरात चार ओळी मावतात: जमिनीचा प्रकार, शेतकरी दाखला लागतो की नाही, मालकी एकट्याची की सामाईक, किनारा नियमनात येते की नाही. सर्व्हे आणि हिस्सा नंबर चौकशी करणाऱ्याला पाठवता येतो. महाभूलेखवर सातबारा पाहता येतो आणि डिजिटल स्वाक्षरीचा उतारा १५ रुपयांत निघतो. ग्राहक तो स्वतः काढू शकतो, हे एजंटानंच सांगितलं तर विश्वास वेगळाच बसतो.

अटी लिहिल्या तर गिऱ्हाईक पळेल का?

एजंटांची खरी भीती ही आहे, आणि तिच्याकडे आकड्यांनी पाहता येतं. समजा एका एजंटानं ‘सी व्ह्यू, लवकर बुक करा’ अशा जाहिरातीवर ३,००० रुपये खर्च केले आणि ६० चौकश्या आल्या. एका चौकशीचा खर्च ५० रुपये. क्लासमध्ये या आकड्याला टाळ्या पडतील. पण त्या ६० जणांतले बहुतेक शेतकरी नाहीत, काहींचं बजेट निम्मं आहे, काहींना फ्लॅट हवा होता. प्रत्यक्ष जागा पाहायला आले दोघं. म्हणजे एका भेटीचा खर्च १,५०० रुपये, आणि ६० फोनवर गेलेला आठवडा वेगळाच.

त्याच ३,००० रुपयांत दुसरी जाहिरात: ‘१२ गुंठे बागायत, शेतकरी दाखला आवश्यक, मालक एक, समुद्र दिसत नाही, विहिरीला मे महिन्यात पाणी, अपेक्षित किंमत अमुक.’ चौकश्या आल्या १५, जागेवर आले पाच. भेटीचा खर्च ६०० रुपये. हे उदाहरण काल्पनिक आहे, पण हिशोबाची रीत हीच. ‘कॉस्ट पर लीड’ ऐवजी ‘कॉस्ट पर साईट व्हिजिट’ मोजायला शिकवणारा क्लास या भागात जास्त उपयोगाचा. अटींची ओळ कायद्यासाठी लिहायची असतेच, पण नको त्या फोनांची गाळणी म्हणूनही तीच काम करते.

कॅमेऱ्यात काय पकडायचं

ड्रोन शॉट सुंदर दिसतो, पण त्यातून जागेची हद्द कळत नाही, आणि पाचशे मीटरवरचा समुद्र अंगणात आल्यासारखा वाटतो. जमिनीसाठी सगळ्यात उपयोगी व्हिडिओ अगदी कंटाळवाणा असतो: डांबरी रस्त्यापासून जागेपर्यंत चालत, न कापता घेतलेला. वाट किती रुंद, ती कुणाच्या परड्यातून जाते, विजेचा खांब कुठं, शेजारी कोण, हे त्यात आपोआप येतं. वाट ही कोकणात भांडणाची पहिली जागा, त्यामुळे तो एक व्हिडिओ अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकतो.

ऋतूही महत्त्वाचा. विहीर दाखवायची तर मे महिन्यात. पावसाळ्यात भरलेली विहीर कुणीही दाखवेल. याउलट जागेत पाणी साचतं का हे जुलैतच दिसतं. किनाऱ्याजवळची जागा ओहोटीला शूट केली तर समुद्र लांब गेलेला दिसतो. भरतीची वेळ बघून घेतलेला फोटो जास्त प्रामाणिक.

ड्रोन उडवायचाच असेल तर ड्रोन नियम २०२१ प्रमाणे डिजिटल स्काय नकाशावर तो भाग हिरव्या, पिवळ्या की लाल क्षेत्रात येतो ते पाहावं. चिपी विमानतळ याच पट्ट्यात आहे. विमानतळाचा उल्लेख करतानाही सांभाळूनच. ९ ऑक्टोबर २०२१ ला तो सुरू झाला, पण इथली विमानसेवा सतत स्थिर राहिलेली नाही. मालवणला रेल्वे स्थानक नाही, उतरावं लागतं कुडाळ, सिंधुदुर्ग किंवा कणकवलीला. ‘५ मिनिटांवर’ असं लिहिण्यापेक्षा गुगल मॅपवरचं रस्त्याचं अंतर किलोमीटरमध्ये लिहिलं की वादच नाही.

कुणाला आणि कधी दाखवायचं

सिंधुदुर्गातल्या एजंटाचं गिऱ्हाईक मुख्यतः तीन प्रकारचं. गावाकडे घर हवं असलेला चाकरमानी, होमस्टे किंवा हॉटेल काढू पाहणारा, आणि गुंतवणूक म्हणून जमीन घेणारा बाहेरचा माणूस. तिघांना एकच रील चालत नाही. चाकरमान्याला आपल्या गावाचं आणि वाडीचं नाव दिसलं की बोट थांबतं. त्याच्यासाठी मालवणीतली दोन वाक्यं इंग्रजी बॅनरपेक्षा जास्त बोलतात. होमस्टेवाल्याला रस्ता, पाणी आणि परवानग्या हव्यात. तिसऱ्याला ‘दर दुप्पट होणार’ असं ऐकायचं असतं, आणि नेमकं तेच एजंटानं लिहू नये.

मेटाच्या जाहिरातीत शहर आणि परिसर निवडता येतो. संपूर्ण महाराष्ट्र निवडून पैसे पसरण्यापेक्षा मुंबई उपनगरं, ठाणे, वसई-विरार एवढंच निवडलं तर दिवसाला शेदोनशे रुपयांतही चाचणी करता येते. वेळ मात्र कोकणी पंचांगाची. गणपती, शिमगा, मे महिन्याची सुट्टी आणि आंगणेवाडीच्या भराडी देवीची जत्रा या काळात गिऱ्हाईक स्वतःहून गावी येतं. जाहिरात त्याच्या तीन-चार आठवडे आधी चालवायची, म्हणजे सुट्टीत जागा दाखवता येतात. ऐन चतुर्थीला जाहिरात लावून उपयोग नाही, तेव्हा सगळे आरतीत असतात.

रील हा फक्त पहिला धक्का. त्यानंतर माणूस एजंटाचं नाव गुगलवर टाकतो. तिथं मोफत गुगल बिझनेस प्रोफाईल असेल, ऑफिसचा खरा पत्ता आणि जुन्या ग्राहकांचे अभिप्राय असतील तर काम पुढे सरकतं. व्हॉट्सॲप बिझनेसमधला कॅटलॉग आणि ठरावीक प्रश्नांची तयार उत्तरं हे दोन्ही मोफत आणि एका दुपारी शिकता येण्यासारखं.

कायद्याचे आणखी काही काटे

गावातल्या लोकप्रिय मालवणी रीलस्टारकडून जागेची जाहिरात करून घेण्याची पद्धत रुळते आहे. पैसे किंवा फुकट मुक्काम घेऊन केलेली पोस्ट ‘जाहिरात’ म्हणून स्पष्ट सांगावी लागते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली भ्रामक जाहिरातीसाठी १० लाखांपर्यंत आणि पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि प्रचार करणारा चेहराही त्यातून सुटत नाही.

फोन नंबरांच्या विकत घेतलेल्या याद्या हा दुसरा काटा. ज्यांनी चौकशी केली नाही त्यांना जाहिरातीचे कॉल आणि मेसेज केले तर १९०९ वर तक्रार होते आणि नंबर बंद पडू शकतो. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही टप्प्याटप्प्यानं लागू होतो आहे. चौकशीचा फॉर्म भरून घेतानाच ‘या जागेबद्दल संपर्क करू का’ अशी संमती घेणं हा सरळ मार्ग. आणि ग्रुपवर मालकाचं आधार कार्ड किंवा खरेदीखताची पूर्ण प्रत टाकायची नाही, हे वेगळं सांगायला नको. पण टाकली जाते.

क्लास निवडताना

‘महिन्याला १०० गॅरंटीड लीड’ असं म्हणणाऱ्याला विचारावं की जाहिरात कुणाच्या खात्यातून चालणार. ती एजंटाच्या स्वतःच्या पेज आणि ॲड अकाउंटमधूनच चालायला हवी आणि पासवर्ड, ॲडमिन हक्क, टू-स्टेप व्हेरिफिकेशन त्याच्याच मोबाईलवर असायला हवं. नाहीतर क्लास संपतो आणि पेज, फॉलोअर्स, चौकश्यांची यादी सगळं शिकवणाऱ्याकडे राहतं. प्रशिक्षणात स्वतःच्या खऱ्या जागेची एक जाहिरात प्रत्यक्ष लावून, आठवड्यानं तिचे आकडे एकत्र बसून वाचले जाणार का, हेही विचारावं. केवळ स्लाईड दाखवणार असतील तर तेवढं मेटा आणि गुगलच्या मोफत अभ्यासक्रमांतही आहे.

शेवटी एक छोटी सवय, जी कुठल्या क्लासात क्वचितच शिकवतात. जागा विकली गेली की त्याच दिवशी रील, कॅटलॉग आणि पोर्टलवरची नोंद काढायची किंवा ‘विकली’ असं लिहायचं. जुनी रील फिरत राहते, तिचा व्हिडिओ उचलून दुसराच कुणी स्वतःचा नंबर टाकतो आणि त्या जागेवर टोकन मागतो. व्हिडिओच्या मधोमध नाव आणि नोंदणी क्रमांकाचा वॉटरमार्क टाकला असेल तर हे करणं अवघड जातं. कोपऱ्यात टाकलेला क्रॉप करून निघतो.